टर्बोसाठी ब्लॉक मजबूत करायचा आहे, मशीन शॉप कसं निवडावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २००२ ची होंडा सिटी व्हीटेक, दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, त्यावर बाहेरून बसवलेला छोटा टर्बो. बूस्ट, म्हणजे टर्बोनं दिलेला हवेचा जादा दाब, ०.५ बार. ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं हेड गॅस्केट दोनदा गेलं, दोन्ही वेळा दोन आणि तीन नंबरच्या सिलेंडरच्या मधोमध. आता ड्रॅग रनसाठी बूस्ट १ बारवर न्यायचा आहे, २५० अश्वशक्ती हवी आहे, म्हणून ब्लॉक मजबूत करून घ्यायचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला बोअरिंगवाला म्हणतो, ‘चारही स्लीव्ह टाकतो, तीन दिवसांत घेऊन जा.’ (स्लीव्ह म्हणजे सिलेंडरच्या आत बसवायची नवी नळी.) भोसरीतला व्हीएमसीवाला, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनचा मालक, म्हणतो, ‘ड्रॉइंग द्या, मायक्रॉनमध्ये करून देतो.’ मित्र म्हणतात, कोइमतूरला पाठव. कुणाकडे द्यावा?

आधी आकडा दुरुस्त करू, कारण शॉपची निवड त्यावरच ठरते. १ बार बूस्ट म्हणजे इंजिनात साधारण दुप्पट हवा. मूळ इंजिन १०६ अश्वशक्तीचं. सगळं नीट जुळलं तर १ बारला २०० च्या आसपास मिळतील, २५० नाही. २५० साठी दीड बारच्या जवळ जावं लागेल, आणि तिथे टर्बो, इंजेक्टर, क्लच, गिअरबॉक्स सगळ्याचाच हिशेब बदलतो. २०० साठी लागणारा ब्लॉक आणि २५० साठी लागणारा ब्लॉक ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्या कामाला स्लीव्ह लागत नाही, हे माझं स्पष्ट मत.

दुसरं म्हणजे गॅस्केट ब्लॉकमुळेच गेलं, हे कुणी तपासलं? ०.५ बारवर या इंजिनाचं गॅस्केट दोनदा जाणं मला खटकतं. बहुतेक वेळा कारण नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचं अवेळी स्फोटासारखं जळणं, असतं: टायमिंग जास्त, मिश्रण पातळ, किंवा इंटरकूलर नावापुरता. नाहीतर हेडचे जुने बोल्ट पुन्हा वापरलेले असतात. किंवा पहिल्यांदा गॅस्केट उडालं तेव्हा डेक, म्हणजे ब्लॉकचा वरचा सपाट पृष्ठभाग, वाकलेला होता आणि नवं गॅस्केट त्याच वाकड्या डेकवर बसवलं. स्ट्रेट एज आणि फीलर गेज घेऊन डेकवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर बघा. दोन आणि तीनच्या मधे ०.०५ मिमीची पट्टी आत सरकत असेल तर चोर सापडला. ट्यून (टायमिंग आणि मिश्रणाची सेटिंग) तसाच ठेवून ब्लॉकवर कितीही पैसे ओतले तरी तिसरं गॅस्केट जाणार.

आता ब्लॉककडे. हा ॲल्युमिनियमचा ओपन डेक ब्लॉक आहे, आत बिडाचे लायनर ओतकामातच बसवलेले. चारही सिलेंडर एकमेकांना चिकटलेले, पण वरच्या टोकाला बाहेरच्या भिंतीपासून सुटे. मधे पाण्याची वाट. घंगाळात चार पेले ओळीनं उभे करावेत तसे, बुडाला पक्के आणि काठाला मोकळे. बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) ७५ मिमी, म्हणजे पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस सेंमी. ज्वलनाचा दाब १०० बारला पोचला की एका पिस्टनवर साडेचार टनांचा भार येतो, आणि कनेक्टिंग रॉड तिरका असल्यामुळे त्यातला काही हिस्सा पिस्टन भिंतीवर ढकलतो. काठ मोकळा म्हणून सिलेंडर वरच्या बाजूला हलतो आणि गॅस्केटची फायर रिंग (सिलेंडरभोवतीची धातूची कडी) घासत राहते. नॉकिंग झालं तर दाब याच्या कितीतरी वर उडी मारतो. तरी या इंजिनात आधी हार मानतात ते मूळ कनेक्टिंग रॉड. २०० च्या गाडीत मी आधी रॉड आणि फोर्ज्ड पिस्टनवर खर्च करीन, मग चांगले हेड स्टड, मग डेक आणि होनिंग, म्हणजे दगडांनी बोअर घासून नेमक्या मापाला आणणं. मूळ लायनर तसेच ठेवीन.

ब्लॉक गार्ड म्हणून एक कडी मिळते, पाण्याच्या वाटेत वरून ठोकून बसवायची. स्वस्त असल्यामुळे सगळे सुचवतात. ठोकून घट्ट बसवली तर बोअर वाकडा होतो, सैल बसवली तर ती काही धरत नाही, आणि पाणी जिथे सगळ्यात जास्त हवं तिथेच अडवते. बसवायचीच असेल तर ती बसवून झाल्यावर बोअरचं फायनल होनिंग करायला हवं. होनिंग आधी झालंय आणि गार्ड नंतर ठोकू असं म्हणणाऱ्या शॉपला रामराम करा. ब्लॉकच्या पाण्याच्या वाटेत ग्राउट, म्हणजे सिमेंटसारखा मसाला, भरणं निव्वळ ड्रॅगच्या गाडीसाठी. तुमची सिटी रस्त्यावरही फिरते, तेव्हा तो विषय सोडा.

शॉप ओळखायचं कसं, तर मशीन बघून नाही. कोणत्या क्रमानं काम करणार हे विचारा आणि गप्प बसून ऐका. बरोबर क्रम असा: धुणं, चिरा तपासणं, प्रेशर टेस्ट, मग क्रँक ज्यात फिरतो त्या मेन बेअरिंगच्या कॅप स्टडसकट पूर्ण टॉर्कला कसून लाइन (सगळी छिद्रं एका रेषेत आहेत का) तपासणं आणि गरज असेल तर लाइन होनिंग, मग क्रँकच्या मध्यरेषेचा आधार घेऊन बोअरिंग आणि डेक, सगळ्यात शेवटी टॉर्क प्लेट लावून होनिंग. नवे मेन स्टड टाकले की कॅप वेगळ्या जोरानं आवळली जाते आणि बेअरिंगचं छिद्र किंचित आकार बदलतं, म्हणून ते काम आधी. ‘बोअर करून घ्या, लाइनचं नंतर बघू’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघायचं.

आणखी एक प्रश्न, जरा खोडसाळ आहे पण हमखास चालतो. विचारा, ‘चिरा कशा बघता?’ उत्तर ‘मॅग्नाफ्लक्स’ आलं, तर समोरच्यानं तुमचा ब्लॉक नीट पाहिलेलाच नाही. ती चुंबकाची चाचणी आहे, बिडावर आणि पोलादावर चालते. ॲल्युमिनियमवर काहीही दिसत नाही. तिथे लाल डाय पेनिट्रंट आणि पांढरा डेव्हलपर लागतो, आणि पाण्याच्या वाटेसाठी हवेचा दाब.

उद्यमनगरच्या मंडळींबद्दल मला आदर आहे. त्या गल्ल्यांमध्ये ऑइल इंजिनापासून ट्रकपर्यंत काय काय उभं राहिलंय ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टरचं इंजिन रातोरात उभं करणारे हात तिथेच आहेत. पण अशा बऱ्याच दुकानांत अजून जुना बोअरिंग बार चालतो. तो ब्लॉकच्या डेकवरच ठेवून क्लॅम्प करतात. स्पिंडलमधून तीन बोटं बाहेर येतात, जुन्या बोअरच्या भिंतींना टेकतात आणि मध्य धरतात. म्हणजे आधार दोन: डेक आणि झिजलेला बोअर. डेक तिरका असेल तर नवा बोअर तिरका, जुना बोअर एका बाजूला झिजला असेल तर नव्याचा मध्य तिकडेच सरकणार. वेट लायनरच्या, म्हणजे पाण्याला थेट टेकणारा लायनर असलेल्या, ट्रॅक्टर इंजिनाला याचं सोयरसुतक नसतं, तिथे लायनरच बदलायचा असतो. तुमच्या कामाला ते चालणार नाही. अर्थात त्याच गल्लीत उभं बोअरिंग मशीन आणि चांगलं होनिंग मशीन असलेली दुकानंही आहेत. नाव न बघता आधार कुठून घेतात ते बघा.

भोसरी-चाकणच्या व्हीएमसीवाल्याची गोष्ट उलटी. मशीन उत्तम, प्रोबिंग आहे, मापनाची खोली वातानुकूलित आहे. पण तो ड्रॉइंगवर काम करतो, आणि तुमच्या ब्लॉकचं ड्रॉइंग तुमच्याकडे नाही. ड्रॉइंगमध्ये जे लिहिलं नाही ते तो करणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही. बोअरिंग टूलनं आलेला पृष्ठभाग त्याला सुंदर वाटेल. पिस्टन रिंगला तो चालत नाही. तिला होनिंगच्या तिरक्या रेघांची जाळी लागते, म्हणजे तेल धरणाऱ्या चऱ्या आणि वरून घासून सपाट केलेली माथी. हे होनिंगचे दगड आणि ब्रश ओळखणाऱ्या माणसाचं काम आहे. व्हीएमसीवर डेकचा फेस मात्र झकास निघतो, एवढंच की जॉब सेट करताना मेन बेअरिंगच्या मध्यरेषेवरून डायल गेजनं जुळवायला लावा, ऑइल पॅनच्या फेसवर ठेवून मोकळं होऊ देऊ नका. तुम्ही मल्टिलेयर स्टीलचं गॅस्केट घालणार असाल तर डेक गुळगुळीत हवा, सव्वा मायक्रॉन आरए (खरखरीतपणाचं सरासरी माप) किंवा त्याहून कमी. साध्या गॅस्केटची सवय असलेला माणूस मुद्दाम थोडा खरखरीत फेस ठेवतो, म्हणून हा आकडा त्याला लिहूनच द्या.

व्हीएमसीवाल्याकडून दुसरं एक काम जरूर करून घ्या: टॉर्क प्लेट. हेड आवळल्यावर बोअर गोल राहत नाही, बोल्टच्या आसपास आत-बाहेर होतो. मोकळ्या ब्लॉकमध्ये गोल केलेला बोअर हेड बसवल्यावर वाकडा होणारच. त्यावर इलाज म्हणजे हेडच्या जागी सुमारे ५० मिमी जाडीची प्लेट, बोअरपेक्षा थोडी मोठी चार भोकं, हेडच्याच जागी बोल्टची भोकं. खाली तुम्ही वापरणार तेच गॅस्केट, तेच स्टड, तोच टॉर्क, आणि मग होनिंग. या इंजिनाची प्लेट आपल्याकडच्या दुकानांत सहसा तयार नसते. जुनं हेड घेऊन व्हीएमसीवाल्याकडे जा, बोल्टच्या जागा प्रोब करून तो प्लेट बनवून देईल. ती तुमच्या मालकीची राहील आणि शॉप बदललं तरी उपयोगी पडेल. ‘प्लेटची काय गरज, आम्ही हजार इंजिनं केली’ हे वाक्य कानावर पडलं, तर ती हजार इंजिनं बहुधा बिडाच्या जाड ब्लॉकची होती असं समजा.

मग मापाकडे या. माझ्या दृष्टीनं निवड इथेच होते. दुकानात उभं राहून एक बोअर मोजून दाखवायला सांगा. जाणता माणूस आधी मायक्रोमीटर स्टँडमध्ये धरतो, त्यावर ७५ चं माप लॉक करतो, बोअर डायल (आतला व्यास मोजायचं गेज) त्यात घालून शून्य लावतो. मग डायल बोअरमध्ये सोडून पुढे-मागे हलकेच झुलवतो आणि काटा जिथून मागे फिरतो तो आकडा वाचतो. वर, मधे, खाली. प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या दिशेनं आणि आडवा. एका बोअरचे सहा आकडे, चार बोअरचे चोवीस. पुन्हा तोच बोअर मोजायला सांगा. दुसऱ्या वेळी आकडा पाच मायक्रॉनच्या पलीकडे हलला तर हात किंवा गेज, दोन्हीपैकी काहीतरी बिघडलंय. काही ठिकाणी बोट फिरवून ‘ओके आहे’ म्हणतात. ऑइल इंजिनात ते खपून जातं.

होनिंग करताना भिंत तापते, हेही विसरू नका. १५ अंशांनी तापलेला ७५ मिमीचा बिडाचा बोअर सुमारे १२ मायक्रॉननी मोठा मोजला जातो. संध्याकाळी गडबडीत शेवटचं माप घेऊन काम संपवलं की सकाळी तो तेवढाच लहान झालेला असतो. टर्बोसाठीच्या २६१८ मिश्रधातूच्या फोर्ज्ड पिस्टनला कंपनीच्या मूळ पिस्टनपेक्षा बरीच जास्त क्लिअरन्स लागते, कारण तो तापल्यावर जास्त फुगतो. ती किती, ते पिस्टनच्या कागदावर छापलेलं असतं. शॉपवाल्याच्या अनुभवावर सोडू नका. ७० मायक्रॉन ठेवायचे असताना १२ गेले तर पहिल्याच जोरात पिस्टनच्या अंगावर ओरखडे. म्हणून चांगलं शॉप शेवटचे दोन शतांश मिमी राखून थांबतं, ब्लॉक आणि पिस्टन रात्रभर एकाच खोलीत ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी फायनल साइज करतं. यावरून ओघानंच कळेल की पिस्टन हातात नसताना ‘अर्धा मिमी ओव्हरसाइज करून ठेवतो’ म्हणणारा माणूस आपल्या कामाचा नाही.

आता स्लीव्हबद्दल, उद्या २५० वर जायचं ठरलंच तर. या इंजिनात शेजारच्या दोन बोअरच्या मध्यांमधलं अंतर ८४ मिमी आहे. ७५ चा बोअर ठेवून साडेतीन मिमी जाडीची स्लीव्ह टाकायची म्हटलं तर तिचा बाहेरचा व्यास ८२ होतो आणि दोन छिद्रांच्या मधे ॲल्युमिनियम उरतं फक्त २ मिमी. तुमचं गॅस्केट नेमकं जिथे गेलं तीच ही जागा. शिवाय ॲल्युमिनियम बिडाच्या दुप्पट फुगतं. ८० अंशांनी तापमान वाढलं की ८२ मिमीच्या छिद्रात सुमारे ८ शतांश मिमीची पकड ढिली होते. स्लीव्ह आतून जास्त तापत असल्यानं प्रत्यक्षात त्याहून थोडी कमी, पण प्रेस फिट असतोच साधारण तेवढ्याचा. म्हणजे गरम इंजिनात स्लीव्ह घर्षणावर टिकत नाही. वरची फ्लँज, तिच्यासाठी खणलेली बैठक आणि हेडचा दाब तिला धरून ठेवतात. बैठकीत एक चिप राहिली तरी काही दिवसांनी स्लीव्ह तेवढी खाली बसते आणि गॅस्केट गेलंच म्हणून समजा.

त्यामुळे स्लीव्हवाल्याला विचारायचं ते असं. ब्लॉक भट्टीत सारखा तापवता की गॅसची ज्योत फिरवता? ज्योतीनं एका अंगानं तापलेला ब्लॉक वाकतो. स्लीव्ह थंड करून सोडता की हायड्रॉलिक प्रेसवर दाबता? थंड प्रेसमध्ये ॲल्युमिनियम खरवडून चिप बैठकीत जाते. डेकचा शेवटचा कट स्लीव्ह बसल्यानंतर घेता ना? आणि स्लीव्ह कशाची? ट्रॅक्टरचा लायनर सेंट्रिफ्यूगल ओतलेल्या साध्या बिडाचा असतो. तो झिजेला चांगला, पण ताणाला कमकुवत. इथे एस.जी. आयर्न, म्हणजे गोलाकार ग्राफाइटचं, जास्त ताण सोसणारं बीड, हवं. कोल्हापूरच्या फाउंड्रींमध्ये एस.जी. रोज ओततात, त्यामुळे ‘इथेच ओतून घेऊ’ असा मोह होतो. धातू मिळेलही, पण मटेरियल सर्टिफिकेट, कडकपणा आणि आतले छिद्रदोष यांची जबाबदारी एका नगासाठी कोण घेणार? ओपन डेकसाठी घडवलेल्या, वरच्या बाजूनं डेक बंद करणाऱ्या तयार स्लीव्ह परदेशात मिळतात. डार्टन या कंपनीचं नाव त्यात जुनं. महाग पडतात, पण सोबत फिटचे आकडे येतात, आणि शॉपला हवे असतात ते आकडेच.

असं काम निघालं तर मी कोइमतूर किंवा चेन्नईकडे बघीन. कोइमतूरला कारी ट्रॅक, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक. त्यांच्या आसपास रेसची इंजिनं उघडून पुन्हा बांधणारी माणसं आहेत, आणि स्लीव्ह, डेक, लाइन, होनिंग एका छताखाली होऊ शकतं. हे शेवटचं मला दरापेक्षा महत्त्वाचं वाटतं. ब्लॉक तीन दुकानांत फिरला की बिघाड झाल्यावर होनिंगवाला बोअरिंगवाल्याकडे बोट दाखवतो आणि तो फेसवाल्याकडे. टॉर्क प्लेट दुसऱ्याकडून बनवायला हरकत नाही, ते साधन आहे. पण ब्लॉकवरचं कटिंग एकाकडेच, आणि शेवटचे चोवीस आकडे त्याच्या सहीनं कागदावर. इंजिनाची गॅरंटी कुणी देणार नाही, मागूही नका. मापाची जबाबदारी मात्र मागता येते.

तीन दिवसांचा वायदा मात्र मला पटत नाही. धुणं, तपासणी, भट्टी, थंड होणं, डेक, प्लेट, रात्रभर ठेवून फायनल साइज: नुसती यादी वाचली तरी तीन दिवस पुरत नाहीत. तो माणूस प्रामाणिक असेल, पण ट्रॅक्टरच्या घड्याळावर बोलतोय.

तुमच्या आजच्या गरजेला, म्हणजे २०० अश्वशक्तीला, मी असं करीन: भोसरीतून टॉर्क प्लेट बनवून घ्यायची आणि ब्लॉक अशा पुनर्बांधणीच्या शॉपला द्यायचा जिथे उभं होनिंग मशीन आहे आणि मालक स्वतः बोअर डायल हातात घेतो. कोल्हापुरात किंवा पुण्यात असं दुकान शोधायला दोन-तीन शनिवार जातील. चांगला माणूस तुम्हालाच उलट विचारेल: बूस्ट किती, पेट्रोल कुठलं, रिंग कुठल्या, पिस्टनचा कागद कुठाय. टर्बोला वरच्या रिंगची गॅप जास्त लागते हे त्याला तुम्ही सांगावं लागू नये.

ब्लॉकसोबत पिस्टन, रिंग, हेड गॅस्केट, हेडचे आणि मेनचे स्टड, मेन कॅप नंबर मारून जागेवर, आणि टॉर्क प्लेट हे सगळं एकाच खोक्यात द्या. परत आल्यावर बोअर गरम साबणाच्या पाण्यानं नायलॉन ब्रशनं घासा, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत. डिझेलनं पुसून भागत नाही, दगडाची पूड रेघांतच बसून राहते. लगेच वाळवून तेल लावा. पावसाळ्यात, आणि त्यात तुम्ही घाटाखाली असाल तर, उघड्या बिडावर बघता बघता तांबेरा चढतो. आणि इंजिनात असे फेरफार करताना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ एकदा नजरेखालून घाला. विमा कंपनी नंतर तेच कलम दाखवते.

आधी ब्लॉक उघडा, डेकचा सपाटपणा आणि सध्याच्या बोअरचे चोवीस आकडे काढून घ्या, आणि मला कळवा. टॅपर (वर-खाली व्यासातला फरक) आणि ओव्हॅलिटी (गोलाईतला फरक) किती निघते ते पाहून ७५ वरच भागतं की पाव मिमी ओव्हरसाइज घ्यायचा, ते ठरवू. पिस्टनची ऑर्डर तोवर देऊ नका.